आक्कांचं इंजन आणि माझं तेल

आक्कांच्या हातात काहीही द्या, त्या आधी त्याचा वास घ्यायच्या. लग्नपत्रिका असो, गोळ्यांची पट्टी असो, नाहीतर मी साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे असोत. डोळे बारीक करायचे, नाक वस्तूच्या अगदी जवळ न्यायचं, एक लांब श्वास घ्यायचा आणि मग निकाल द्यायचा. एका लग्नपत्रिकेवरचा निकाल मला अजून आठवतो. "लय सेंट मारल्यालं हाय. जेवाण बेताचंच असणार." आणि तुम्हाला सांगते, त्या लग्नात पंगत मध्यावर आली तेव्हाच मठ्ठा संपला होता.

आमची पहिली भेट झाली ती त्यांच्या गुऱ्हाळावर. मी त्यांच्या हातात एक बाटली दिली. आत पिवळसर, पाण्यासारखं पातळ तेल. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्ये करंजाचं हाय."

"हो आक्का. करंजाच्या तेलापासूनच केलंय. पण आता त्याचं बायोडिझेल झालंय. डिझेलच्या जागी इंजिनात घालता येतं."

"आमी तर ह्ये बैलाच्या खरजेला लावतू."

"ते साधं तेल. हे इंजिनासाठी आहे."

"माज्या इंजनाला खरूज झालीया व्हय गं?"

गुऱ्हाळावरची सगळी माणसं हसली. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मी तेव्हा इस्लामपूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवत होते आणि त्याच विषयात पीएच.डी. करत होते. करंजाच्या बियांचं तेल काढायचं, त्यावर प्रक्रिया करून ते पातळ करायचं आणि त्यावर डिझेल इंजिन कसं चालतं ते मोजायचं. प्रयोगशाळेत सगळं झकास चाललं होतं. पण प्रयोगशाळेतलं इंजिन म्हणजे लाडावलेलं लेकरू. त्याच्या डोक्यावर पंखा, खाली फरशी, आणि कामाचा बोजा म्हणजे एक बटण फिरवणं. माझे मार्गदर्शक सर सगळे आकडे बघून म्हणाले, "छान आहे. आता हे शेतकऱ्याच्या इंजिनावर, खऱ्या कामावर, अख्खा हंगाम चालवून दाखव. नाहीतर या प्रबंधाला काही अर्थ नाही."

झालं, घोडं तिथेच पेंड खायला लागलं. कोण देणार स्वतःचं इंजिन? मी वाळवा तालुका पालथा घातला, मग कराडकडे वळले. लोक चांगले. बसायला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "म्याडम, तुमचं मिस्टर काय करत्यात?" एका बागायतदारांनी तर मला सांगितलं, की आधी तुमच्या स्वतःच्या गाडीत घाला, ती वर्षभर चालली की माझ्याकडे या. माझ्याकडे गाडी नव्हती, मी एसटीने फिरत होते. आणि बहुतेकांनी आता विजेच्या मोटरी बसवल्या होत्या. एका हॉटेलवाल्याने सांगितलं, की कृष्णेकाठी अमुक गावात एका बाईचं गुऱ्हाळ अजून इंजनावर चालतं, पण ती बाई इंजनाला कुणाला हात लावू देत नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिथे पोचले.

आता ते इंजन म्हणजे आक्कांचं काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आक्कांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा पोरवयातच विट्याच्या मामांबरोबर दक्षिणेत गेला आणि तिकडच्या एका शहरात त्याचं सोनं गाळायचं दुकान चांगलं चालू लागलं. त्याला आई जवळ हवी होती. यात त्याचं काही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही. एकटी बाई, नदीकाठचं गुऱ्हाळ, रोजची जाळाची आणि यंत्राची कामं. कुठल्या मुलाला लांब राहून चैन पडेल? तो दर सुट्टीत यायचा आणि हट्ट धरायचा. शेवटी आक्कांनी एकदा त्याला तोडून सांगितलं, "इंजन बंद पडलं की येते. त्या दिशी न्ह्यायला ये, मी हूं का चूं करनार न्हाई." मुलाने लगेच मान्य केलं. इंजन त्याच्या वडिलांच्या तरुणपणातलं, फार तर अजून एखादा हंगाम काढेल असा त्याचा अंदाज. पण तो पडला सोन्यातला माणूस, लोखंडाचा अंदाज त्याला नव्हता. इंजन चालतच राहिलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि आईच्या तब्येतीच्या आधी इंजनाची चौकशी व्हायची.

म्हणजे बघा, मी त्यांच्याकडे मागत होते ते नुसतं इंजन नव्हतं. त्यांचं गाव, त्यांचं घर, सकाळी उठून स्वतःच्या पायांनी जायची जागा, सगळं त्या काळ्या धुडावर टांगलेलं होतं. पहिल्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. हसनमामूंनी मला नंतर सांगितलं. हसनमामू हे त्यांच्याकडचे गुळव्या, म्हणजे उकळता रस काहिलीतून कधी उतरवायचा ते ठरवणारे. त्या बाबतीत आक्कासुद्धा त्यांच्यापुढे बोलायच्या नाहीत.

तर मी माझं भाषण सुरू केलं. कागदावर पिस्टन काढून दाखवला, धूर कसा कमी होतो ते सांगितलं, झाडं, माती, परदेशातून येणारं तेल, सगळं झालं. असं नमनाला घडाभर तेल जाळून झाल्यावर आक्कांनी एकच विचारलं.

"ह्यानं इंजन मरंल का?"

"मरू नये. पण छातीठोकपणे नाही सांगू शकत. तेच तर बघायचंय."

त्यांनी बाटलीचा पुन्हा वास घेतला. नदीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हितं खतवालं आलं, औशिदवालं आलं, समद्यांनी सांगितलं कायबी हुईत न्हाई. 'म्हाईत न्हाई' म्हननारी तू पैलीच. तुजं शिकशान अडलंय न्हवं ह्येच्यावर?"

"हो."

"मग आन तुजं तेल."

हसनमामूंनी कपाळावर हात मारून घेतला. मी एसटी स्टँडवर येईपर्यंत रडत होते, हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

मी एकच अट घातली होती. हंगाम संपेपर्यंत टाकीत डिझेलचा एक थेंबही जाता कामा नये. एकदा डिझेल गेलं की चाचणी मोडली. आक्कांनी त्यावर गळ्यातल्या बोरमाळेला हात लावला आणि म्हणाल्या, "न्हाई जायाचं. शबूद."

पहिल्या दिवशी मी तेलाचे कॅन घेऊन गेले तर इंजनाला हळदकुंकू लावलेलं, नारळ फोडलेला आणि शेजारी माझ्यासाठी पाट मांडलेला. मी धुराड्याला आपोआप नोंद ठेवणारं धूर मोजायचं यंत्र लावलं आणि टाकीला तेल मोजायची काचेची नळी बांधली, ती नळी आक्कांना दवाखान्यातल्यासारखी दिसली. तेव्हापासून रोज माझं स्वागत त्याच शब्दांनी व्हायचं, "आली गं बया? लाव तुजी सलाईन." किती वेळात किती तेल जळतं ते मी घड्याळ लावून बघायची, आणि आक्का शेजारी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने गप्प करायच्या. आतमध्ये कुणाची नाडी बघायचं काम चालू असावं असा त्यांचा आविर्भाव असायचा.

हसनमामूंची काळजी वेगळी होती. इंजनाच्या धुराचा वास गुळाला लागेल, व्यापारी माल परत पाठवतील, आणि नाव त्यांचं जाईल. त्यात पहिल्याच दिवशी झालं असं, की धुराला तळणाचा वास यायला लागला. बायोडिझेलच्या धुराला तो येतोच. दुपारपर्यंत चरकात ऊस घालणारी माणसं कावरीबावरी झाली. एकजण म्हणाला, "आक्का, सकाळधरनं कोन भजी तळायलंय, आनी आमाला कवा देनार हाय?" आक्कांना ते फार लागलं. त्यांच्या गुऱ्हाळावर आलेलं माणूस रस प्याल्याशिवाय, हातावर गरम गुळाचा खडा घेतल्याशिवाय कधी गेलं नव्हतं. आणि आता त्यांच्याच इंजनाने माणसांना नुसत्या वासावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच कढई चढवली आणि सगळ्यांना कांदाभजी घातली. पुढे हंगामभर दर बाजाराच्या दिवशी भजी ठरून गेली. माझ्या प्रबंधात त्याचा उल्लेख नाही, पण चाचणीचा तो परिणाम पक्का आहे.

गूळ थंड झाल्यावर हसनमामूंनी त्याचा तुकडा जिभेवर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, तुकडा या गालातून त्या गालात नेला, आणि थोड्या नाराजीनेच म्हणाले, "ग्वाड हाय."

थंडी पडली तसं माझं तेल सकाळी घट्ट व्हायला लागलं. नदीकाठचा गारठा तुम्हाला माहीत असेल. कॅन उपडा केला तरी आतलं तेल हलायचं नाही. मी कागद काढून कसलीतरी आकडेमोड करायला लागले तेवढ्यात आक्का कॅन उचलून काहिलीखालच्या चुलवाणाशेजारी ठेवून आल्या. घरचं खोबरेल थिजलं की करायचं तेच त्यांनी केलं होतं. "आंगूळ घालावी लागतीया तुज्या तेलाला," म्हणाल्या. त्यानंतर एकदा तेल जायची रबरी नळी फुगून मऊ पडली. हेही बायोडिझेलमुळे होतं. मी नळी बदलली, पण आक्कांनी निदान केलं की नळीला तेल बाधलं, आणि मला विचारलं, इंजनाला पथ्य काय.

एव्हाना हसनमामूंनी मला मुलाच्या फोनची ती गोष्ट सांगितली होती. त्या दिवसापासून इंजनाचा जरा वेगळा आवाज आला तरी मी हातातली वही टाकून त्याला कान लावायची. एकदा धीर करून मी आक्कांना म्हटलं, की आपण थांबवू या का? अजून काही बिघडलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना ताटावरून उठायला सांगितलंय. "निम्म्या रस्त्यात बैल सोडत्यात व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि ऊस मोजायला निघून गेल्या.

आणि मग ते घडलं.

कॉलेजात परीक्षा चालू होत्या आणि माझी रोज सुपरव्हिजन. नवं तेल तयार करायला लागणारं रसायन वेळेवर आलं नव्हतं. मी आक्कांना फोन करून सांगितलं, की आहे ते तेल परवापर्यंत पुरवा, परवा मी येते. पण त्या दिवशी ऊस जास्त आला. भर दुपारी टाकीतलं तेल संपत आलं, काहिलीत अर्धा रस, चुलवाण पेटलेलं, आणि तोडून आणलेला ऊस दारात पडलेला. रस तसाच ठेवला तर आंबणार, ऊस वाळणार. गावात पंपावर डिझेल होतं. हसनमामू कॅन घेऊन निघालेही होते. आक्कांनी त्यांना परत बोलावलं.

"डिझेल न्हाई घालायचं. पोरीला शबूद दिलाय."

"मग इंजन कशावर चालवायचं, आक्का? पान्यावर?"

आक्का घरात गेल्या आणि वर्षाच्या तेलाचा डबा घेऊन आल्या. स्वतःच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडून, घाण्यावरून काढून आणलेलं शेंगतेल. ते त्यांनी टाकीत ओतलं.

इंजन चाललं! तापलेलं होतं, म्हणून चाललं. संध्याकाळपर्यंत दणक्यात चाललं, सगळा ऊस गाळून झाला, काहिलीतलं आधण उतरलं, गूळ झाला. आक्का खूश. रात्रभर इंजन गार झालं आणि सकाळी हँडल मारून मारून माणसं दमली, पण ते काही सुरू होईना. नुसता पांढरा धूर सोडायचं आणि गप्प व्हायचं.

मला फोन आला तेव्हा मी वर्गात उत्तरपत्रिका वाटत होते. दुसऱ्या बाईंना हातापाया पडून उभं केलं आणि मिळेल त्या वाहनाने कराडच्या दिशेने निघाले. मी पोचले तेव्हा गुऱ्हाळ थंड पडलं होतं. आक्का ऊस ठेवायच्या ओट्यावर इंजनाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"आक्का, टाकीत काय घातलंत?"

"शेंगत्याल."

"अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं ना..."

"तू म्हनलीस डिझेल घालायचं न्हाई. न्हाई घातलं. त्याल घालायचं न्हाई असं कुटं म्हनलीस? तुजंबी त्यालच की."

कच्चं तेल आणि त्याचं केलेलं बायोडिझेल यांत फरक आहे, कच्चं तेल घट्ट असतं, नीट फवारलं जात नाही, तोंडाशी साकळून बसतं, हे समजवायला मी इतकी वर्षं घालवली होती. पण त्या बाईने आपला शब्द राखायला घरातलं खायचं तेल इंजनाला पाजलं होतं, आणि आता त्याच इंजनापायी तिचं घर सुटायची वेळ आली होती. तिच्यापुढे मी काय रसायनशास्त्र सांगणार होते?

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगाच होता, गावातून कुणीतरी त्याला कळवलं असणार. त्याचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. "आई, इंजन बंद पडलं म्हनं?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पाना होता.

"बंद न्हाई पडल्यालं," त्या म्हणाल्या. "आजारी हाय. डाक्टरीन आलीया." आणि फोन बंद केला.

मी तेल फवारणारा भाग काढला. त्याच्या तोंडावर काळी, चिकट साय बसली होती. ती धुतली, घासली, गाळणी बदलली, टाकी रिकामी करून धुऊन काढली. प्रयोगशाळेतलं उरलंसुरलं बायोडिझेल मी घाईघाईत बरोबर आणलं होतं, ते गरम करून आत घातलं. हे मी कॉलेजात शंभरदा केलेलं काम, पण त्या दिवशी एकेक नट लावताना मी देवाचं नाव घेत होते. वाईच्या घाटावर वाढलेली मी, देवाचं नाव घ्यायची सवय जुनीच, पण नटासाठी ते पहिल्यांदाच घेतलं. दोन गड्यांनी हँडल धरलं. इंजनाने एकदा खोकल्यासारखं केलं, पुन्हा गप्प. पुन्हा हँडल. पुन्हा खोकला. आणि मग एक ठोका, दुसरा ठोका, आणि चाकं फिरायला लागली.

आक्का तोपर्यंत एकदाही मागे वळल्या नव्हत्या. आवाज लागला तशा उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मामू, चुलवान पेटवा." मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. पण ऊस खोळंबला होता.

जेवायला बसलो तर आमटीला फोडणी नव्हती, भाजीला तेल नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याल इंजनानं खाल्लं." त्या घरात पुढे कित्येक दिवस तसंच बिनतेलाचं शिजत होतं. मी इस्लामपूरहून तेलाचा डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो ठेवून घेतला, पण वास घेऊन तोंड वाकडं केलं. दुकानातल्या तेलाला त्या तेल मानत नव्हत्या.

मला धास्ती सरांची होती. मी सगळं जसं झालं तसं त्यांना सांगितलं. त्यांनी माझी वही मागून घेऊन त्या दिवसाचे आकडे बघितले. मग म्हणाले, "झालं ते झालं तसंच लिही. कच्च्या तेलाने काय होतं ते मुद्दाम कुणाच्या इंजिनावर करून बघायची आपली हिंमत झाली नसती." हंगाम संपला. इंजन उघडून पाहिलं तेव्हा आतून ते बरंच स्वच्छ निघालं. मी लिहायला बसले.

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. आक्का आल्या. इरकली नऊवारी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन, सभागृहात शेवटच्या रांगेत बसल्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं. पडद्यावर एक आलेख आला. धुराची रेघ सपाट जात होती आणि मध्येच एकदम वर चढून खाली आली होती. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी त्या टोकाकडे बोट केलं आणि इथे काय झालं म्हणून विचारलं. ते टोक मी आक्कांना आधी दाखवलं होतं, हा तुमच्या शेंगतेलाचा दिवस म्हणून. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"सायेब, त्यो डोंगर माजा हाय."

सगळं सभागृह मागे वळलं. परीक्षक मराठीच होते. त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"इंजन माजं. त्याल संपलं, मग मी शेंगत्याल वतलं. पोरीची चूक न्हाई त्यात. तिला मार्क कमी दिऊ नगा."

"पण मग डिझेल का नाही घातलंत?"

"शबूद दिल्ता की तिला."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले, आणि आक्कांना मात्र उसाच्या जातीपासून गुळाच्या रंगापर्यंत किती विचारलं त्याला सुमार नाही. निकाल जाहीर झाला. आक्कांनी पिशवीतून गुळाची ढेप काढली आणि थेट त्यांच्यापुढे ठेवली. मी धावत जाऊन कानात सांगितलं, की परीक्षकांना असं काही द्यायचं नसतं. "परीक्षा झाली न्हवं आता?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "आता ते पावनं हायेत." परीक्षकांनी ढेप दोन्ही हातांनी उचलून घेतली.

नावामागे डॉक्टर लागलं की लोक अभिनंदन करतात, आणि आपण आईवडिलांचे, गुरूंचे आभार मानतो. मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर आक्कांचे आभार मानले आहेत, पण ते छापील शब्द आहेत. खरं सांगायचं तर माणसावर विश्वास टाकणं म्हणजे काय, हे मला त्या गुऱ्हाळावर कळलं. कुणीतरी स्वतःचं सगळं आपल्या हातात निर्धास्त ठेवलं, की आपल्याला शहाणं व्हावंच लागतं. मी आज वर्गात उभी राहून शिकवते, त्यातली निम्मी हिंमत आक्कांची आहे.

पुढेही इंजन माझ्याच तेलावर चालत राहिलं. दरवर्षी मी माझे विद्यार्थी घेऊन जायची. आक्का त्यांना रस पाजायच्या, भजी घालायच्या, आणि मुली असतील तर त्यांच्याकडून हँडल मारून घ्यायच्या. त्यांचे गुडघे गेले, तशा त्या खुर्ची टाकून बसायला लागल्या. मुलगा रविवारी फोन करतच होता. तोही आता पन्नाशीला टेकला होता, आणि त्याच्या आवाजातला हट्ट कमी होऊन काळजी वाढली होती.

यंदा हंगाम संपला, काहिली धुऊन उपड्या घातल्या, आणि पाडव्याच्या आधी आक्का दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. दुखणं नाही, दवाखाना नाही.

तेरावा झाल्यावर मुलाचा मला फोन आला. म्हणाला, "म्याडम, भंगारवाला येऊन बसलाय. पर द्यायला हात धजंना. तुमाला कॉलेजात लावायला पायजे असंल तर न्या." मी ट्रॅक्टर-ट्रॉली ठरवून गेले. गुऱ्हाळ झाडून काढलेलं होतं. हसनमामू ओट्यावर बसून होते, मला बघून उठायला लागले, मी त्यांना बसवलं. मुलगा पांढऱ्या कपड्यांत इंजनाजवळ उभा होता.

मी म्हटलं, ट्रॉलीत चढवायच्या आधी एकदा चालवून बघते, म्हणजे कॉलेजात गेल्यावर काय दुरुस्ती लागेल ते कळेल. टाकीत हंगामातलं थोडं तेल शिल्लक होतं. हँडल मारायला मी एका गड्याला हाक मारली, पण मुलगा पुढे झाला. सोनं गाळणारे त्याचे मऊ हात. लहानपणानंतर त्याने ते हँडल धरलं नसावं. दोनदा त्याचा हात सुटला, तिसऱ्यांदा इंजनाने ठोका घेतला.

तो आवाज शेतातून नदीपर्यंत गेला. वाटेने जाणारी दोन माणसं थांबली आणि आत डोकावली. आत कोण आहे ते बघून त्यांनी टोप्या काढल्या.

मी कान लावून ऐकलं, धूर बघितला, सगळं ठीक होतं. बंद करायला मी हात पुढे केला.

"म्याडम," मुलगा म्हणाला. तो इंजनाकडे बघतच नव्हता. ओट्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा भिजला होता. "एवड्यात बंद नगा करू."

मी हात मागे घेतला. हसनमामूही ओट्यावरून उठून आले. टाकीतलं तेल संपेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो.